बाबांचा फ्लॅट, दोनशे रुपयांचा मुद्रांक आणि तीन खात्यांचे तीन 'नातेवाईक'

फडताळ:
नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच माफी मागते.

बाबा ७४ वर्षांचे. कोथरूडचा फ्लॅट त्यांनी १९९६ साली पगारातून आणि कर्ज काढून घेतला, कागदावर एकट्याचं नाव. निवृत्तीच्या पैशातून कर्वेनगरला एक छोटा गाळा घेतला, तो औषधाच्या दुकानाला भाड्याने आहे. शिवाय वाई तालुक्यात आजोबांकडून आलेली तीन एकर जमीन. आम्ही दोघं भावंडं. मी इथेच, दादा न्यू जर्सीत, ग्रीन कार्डवाला.

सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपमध्ये बाबांना कोणीतरी सांगितलं की दोनशे रुपयांत सगळं मुलांच्या नावावर होतं, मृत्युपत्राच्या भानगडीत कशाला पडता. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. दिवाळीच्या आत वाटून मोकळं व्हायचं म्हणतात. फ्लॅट मला, गाळा दादाला, जमीन दोघांत. आई यावर काही बोलत नाही, विषय निघाला की उठून चहा ठेवते.

खरंच दोनशेत होतं का? आयकर मला पडेल की बाबांना? दादा तिकडे असताना त्याच्या नावावर होईल का? आणि फ्लॅटला माझ्याबरोबर नवऱ्याचंही नाव लावावं असं बाबांचं म्हणणं (जावई लाडका आहे). त्याने काही बिघडतं का?

रिकामटेकडा:
वडिलांना म्हणावं, घाई दिवाळीच्या खरेदीला करा. बाकी जाणकार येतीलच. मी बसलोय शेंगा घेऊन.

चौथा साक्षीदार:
वीसेक वर्षं दस्त लिहितोय, त्यामुळे माझ्यापुरतं सांगतो. आयकराचं सीए लोक बघतील.

दोनशेची गोष्ट खरी आहे, पण अर्धी. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमात अनुच्छेद ३४ बक्षीसपत्राचा. २०१५ साली त्यात सवलत आली. राहती किंवा शेतीची मिळकत नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मयत मुलाची बायको यांना बक्षीस दिली, तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. यादी इथे संपली. भाऊ-बहीण त्यात नाहीत. आईवडीलसुद्धा नाहीत! बापाने मुलाला फ्लॅट दिला तर २००, तोच मुलाने बापाला परत दिला तर बाजारमूल्याच्या ३ टक्के. भावाबहिणीलाही ३ टक्के. लोकांना हे खिडकीवर कळतं आणि मग ते आमच्यावर ओरडतात.

तुमचा गाळा राहती मिळकत नाही. तो मुलाला दिला तरी ३ टक्के लागणार. आणि जावई ना दोनशेच्या यादीत, ना तीन टक्क्यांच्या. त्याच्या हिश्श्याला सरळ खरेदीखताचा दर. सूनही तशीच, मुलगा हयात असेल तर ती सवलतीबाहेर.

आता दुसरी अर्धी गोष्ट. दोनशे रुपये हे मूळ मुद्रांक शुल्क झालं. महापालिका हद्दीत बक्षीसपत्रावर अधिभार असतो आणि तो बाजारमूल्यावर टक्क्यांनी मोजतात. फ्लॅट रेडीरेकनरने (सरकारी बाजारमूल्य दराने) ९० लाखांचा निघाला तर नुसत्या एका टक्क्याचे ९० हजार होतात. त्यामुळे आधी मूल्यांकन काढा, चलनाचा एकूण आकडा बघा, मग पेढे आणा.

आणि कृपा करून स्टॅम्पपेपरवर नोटरी करून 'बक्षीसपत्र झालं' असं समजू नका. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२, कलम १२३: स्थावराचं बक्षीस नोंदणीकृतच हवं, देणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदार. शिवाय घेणाऱ्याने ते देणाऱ्याच्या हयातीतच स्वीकारलं पाहिजे. नोटरी केलेला कागद हा फक्त कागद.

मुद्रितशोधक:
बक्षीसपत्र की बक्षिसपत्र?

चौथा साक्षीदार:
साहेब, चलन भरलं असेल तर दोन्ही चालतात.

आकडेमोड:
सीए आहे. आयकराच्या बाजूने लिहितो.

बक्षीस देणाऱ्याला आज कर नाही. पूर्वी होता, १९५८चा गिफ्ट टॅक्स कायदा. तो १ ऑक्टोबर १९९८ पासून बंद झाला. पुढे सरकारने उलटं केलं, घेणाऱ्याला धरलं. ती तरतूद १९६१च्या कायद्यातल्या कलम ५६(२)(x) ची. फुकट मिळालेल्या स्थावराचं मुद्रांक मूल्य (मुद्रांकासाठी धरलेली सरकारी किंमत) ५० हजारांच्या वर असेल तर ते अख्खं मूल्य घेणाऱ्याचं 'इतर उत्पन्न', आणि त्यावर त्याच्या स्लॅबने कर. आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनचा, त्यात कलमांचे आकडे बदललेत, पण हा गाभा तोच आहे.

यातून सुटका कोणाला? नातेवाईकाकडून मिळालं तर, स्वतःच्या लग्नात मिळालं तर, मृत्युपत्राने किंवा वारसाने आलं तर. बाबा तुमचे नातेवाईक आहेत हे सिद्ध करायला मला कलम उघडावं लागत नाही, त्यामुळे तुम्हाला कर शून्य. जावयालाही शून्य, कारण आयकराच्या व्याख्येत बायकोचे वडील येतात. म्हणजे बघा, जावई मुद्रांकवाल्यांना परका आणि आयकरवाल्यांना घरचा.

लग्नाबद्दल एक खुलासा. सूट फक्त ज्याचं लग्न आहे त्याला. मुलाच्या लग्नात कोणी त्याच्या वडिलांना प्लॉट दिला तर वडिलांना ती सूट नाही. हसू नका, असा क्लायंट येऊन गेलाय.

शेवग्याची शेंग:
मग मामाने भाच्याला फ्लॅट दिला तर? आणि भाच्याने मामाला? दोघं एकमेकांचे नातेवाईकच की, त्यात विचारायचं काय, असं माझा भाऊ म्हणतो.

आकडेमोड:
तुमच्या भावाला इथे घेऊन या.

कायद्याची यादी घेणाऱ्याच्या बाजूने वाचायची असते. नवरा-बायको, सख्खे भाऊ-बहिणी, जोडीदाराचे भाऊ-बहिणी, आईवडिलांचे भाऊ-बहिणी, आपल्या आणि जोडीदाराच्या सरळ रेषेतले वरचे-खालचे, आणि या सगळ्यांचे जोडीदार. आता भाचा घेतोय असं धरा. मामा म्हणजे आईचा भाऊ, यादीत आहे. कर नाही. काका, आत्या, मावशी, मामी, तेही चालतात. उलट मामा घेतोय असं धरा. भाचा कोण? बहिणीचा मुलगा. 'बहिणीचा मुलगा' यादीत कुठेही नाही. मामाला पूर्ण कर!

चुलतभाऊ, मामेबहीण हे तर दोन्ही दिशांनी बाहेर. एकाला चुलतभावाने ३० लाख मूल्याचा प्लॉट प्रेमाने बक्षीस दिला. त्या वर्षी त्याचं उत्पन्न ३० लाखांनी वाढलं. प्लॉट हातात आणि कर भरायला रोख पैसे नाहीत. त्यातल्या त्यात बरं एवढंच की पुढे विकताना ते ३० लाख त्याची खरेदी किंमत म्हणून धरले जातात.

'बक्षीस नको, एक लाखात विकल्यासारखं दाखवू' हा उपायही चालत नाही. मुद्रांक मूल्य आणि दाखवलेली किंमत यांतला फरक ५० हजारांपेक्षा आणि किमतीच्या १० टक्क्यांपेक्षाही जास्त गेला की तो फरक घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरतात. तिकडे विकणाऱ्याचा भांडवली नफाही मुद्रांक मूल्यावर मोजला जातो. एकाच व्यवहारात दोघांचे खिसे कापले जातात.

गुंठामंत्री:
मी गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेणारा माणूस. माझी फजिती सांगतो, कोणाला तरी उपयोग होईल.

तीन फ्लॅट होते, तिन्ही भाड्याने. मी ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये, बायको गृहिणी. कोणीतरी डोक्यात भरवलं की एक फ्लॅट बायकोला बक्षीस दे, भाडं तिच्या रिटर्नमध्ये दाखव, कर शून्य. दोनशेच्या मुद्रांकात बक्षीसपत्र झालं. महिना ४० हजार भाडं तिच्या खात्यात. दोन वर्षं आपण फार हुशार आहोत असं वाटलं. तिसऱ्या वर्षी नोटीस.

आकडेमोड:
क्लबिंग. शंभरात सत्तर लोक इथेच अडकतात (आकडा माझ्या टेबलावरचा, अभ्यास वगैरे नाही).

जोडीदाराला बक्षीस दिलेली मालमत्ता बायकोच्या नावावर झाली तरी तिचं उत्पन्न कराच्या हिशोबात देणाऱ्याचंच राहतं. घरासाठी तर कलम २७ नवऱ्यालाच 'मालक मानतं'. तुमचे वर्षाचे ४ लाख ८० हजार, त्यातून ३० टक्के प्रमाणित वजावट गेली की ३ लाख ३६ हजार उरले. ते तुमच्याच स्लॅबने. पुढे बायकोने तो फ्लॅट विकला तरी नफा तुमच्याच रिटर्नमध्ये येतो. सुनेला दिलं तरी सासऱ्याला हेच लागू. अज्ञान मुलाच्या बाबतीतही तेच.

सज्ञान मुलगा किंवा मुलगी यांना मात्र हे लागू नाही. धागाकर्तीला फ्लॅट मिळाला आणि तिने भाड्याने दिला तर ते उत्पन्न तिचं एकटीचं.

गुंठामंत्री:
हो, व्याजासकट भरलं. वरून आता फ्लॅट कायद्याने बायकोचा आहे. परवा म्हणाली, 'माझ्या फ्लॅटचा रंग मीच ठरवणार.' बरोबर आहे तिचं.

अवांतर: भावाच्या नावावर एक प्लॉट घ्यायच्या बेतात होतो, पैसे माझे, नाव त्याचं. तेही असंच अंगावर येईल का?

आकडेमोड:
त्याहून वाईट. पैसे एकाचे आणि नाव दुसऱ्याचं म्हणजे बेनामी कायद्याची हद्द. २०१६च्या दुरुस्तीनंतर त्यात मालमत्ता जप्त होते आणि कैदही होऊ शकते. आपल्या ज्ञात उत्पन्नातून बायको-मुलांच्या नावावर घेतलं तर अपवाद आहे. भावाबहिणीच्या बाबतीत अपवाद हवा असेल तर दस्तात तुमचंही नाव सहमालक म्हणून लागतं. द्यायचंच असेल तर पैसे भावाला बँकेतून बक्षीस द्या आणि त्याला स्वतःचा प्लॉट घेऊ द्या. पण मग तो त्याचा, हे मनाशी पक्कं करून.

फडताळ:
वाचते आहे सगळं. बाबांना जावयाचं सांगितलं. खरेदीखताचा दर ऐकून म्हणाले, 'त्याला घड्याळ देतो.'

पण मग मी पुढेमागे फ्लॅट विकला तर? मला तर तो फुकट मिळालेला, म्हणजे सगळाच नफा का?

आकडेमोड:
नाही, फुकट मिळाला तरी किंमत शून्य धरत नाहीत. बाबांची किंमत ती तुमची किंमत, बाबांनी घेतल्यापासूनचा काळ तो तुमचा काळ. त्यामुळे उद्या विकला तरी नफा दीर्घ मुदतीचाच. १९९६ची खरेदी असल्याने १ एप्रिल २००१ चं बाजारमूल्य किंमत म्हणून घेता येतं, मात्र त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्याच्या वर नाही.

समजा २००१चं मूल्य ९ लाख निघालं आणि विक्री १ कोटी ४० लाखांना झाली. नफा १ कोटी ३१ लाख, १२.५ टक्क्यांनी कर साधारण १६ लाख ३८ हजार, वर अधिभार आणि उपकर. जुन्या पद्धतीने २०२५-२६चा महागाई निर्देशांक ३७६ लावून २० टक्के काढला तर २१ लाख २३ हजारांच्या आसपास जातो. इतक्या जुन्या फ्लॅटला साडेबारा स्वस्त पडतो.

लोक इथे एक चूक करतात. बक्षीसपत्रात ९० लाख मूल्यांकन लिहिलेलं असतं, म्हणून आपली खरेदी किंमत ९० लाख धरून बसतात. तो आकडा मुद्रांकापुरता. बाबांचं १९९६चं खरेदीखत, त्या वेळच्या पावत्या, सुधारणेचा खर्च केला असेल तर त्याची बिलं, हे सगळं बक्षीसपत्राबरोबरच ताब्यात घ्या. नंतर कपाटं उचकत बसावं लागतं आणि सांगणारं माणूस नसतं.

एडिसनकर:
दादांसाठी लिहितो. त्यांच्याच राज्यात आहे, बहुतेक त्याच दुकानातून कोथिंबीर घेत असेन.

गाळा बक्षीस म्हणून घ्यायला फेमाची (परकीय चलन व्यवस्थापन कायद्याची) आडकाठी नाही. अनिवासी भारतीयाला भारतातला नातेवाईक राहती किंवा व्यापारी मिळकत बक्षीस देऊ शकतो. पण इथे 'नातेवाईक' तिसराच! कंपनी कायद्याच्या कलम २(७७) मधला. त्यात आईवडील, मुलं, सून-जावई, भाऊ-बहीण, जोडीदार येतात. मामा-काका येत नाहीत. म्हणजे मामाने मला पुण्यातला फ्लॅट दिला तर आयकरवाले म्हणणार ठीक आहे आणि फेमावाले म्हणणार चालणार नाही.

शेतजमीन मात्र अनिवासी माणसाला बक्षीस घेताच येत नाही. ना शेतघर, ना मळा. वारसाने आली तर येऊ शकते. त्यामुळे वाईच्या जमिनीचा 'दोघांत' हा बेत बक्षीसपत्राने होणार नाही.

अमेरिकेच्या बाजूला दोन गोष्टी. एक, परदेशी व्यक्तीकडून वर्षात १ लाख डॉलरच्या वर बक्षीस मिळालं तर फॉर्म ३५२० भरावा लागतो. कर नसतो, नुसती माहिती द्यायची. पण विसरलात तर दंड बक्षिसाच्या २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. इकडे बक्षीस घेतलं तर वडिलांची जुनी किंमत तुमच्या गळ्यात येते, वारसाने आलं तर मृत्यूच्या दिवशीचं बाजारमूल्य तुमची किंमत धरतात. गाळा पुढेमागे विकायचा असेल तर वारसाने आलेला इकडे कितीतरी स्वस्त पडतो. भारतात तो फरक नाही, दोन्हीकडे वडिलांचीच किंमत. आणि भारतात १९८५ पासून इस्टेट ड्यूटी नाही, म्हणून 'मरणानंतर सरकार नेईल' ही भीतीही नाही.

भाड्याचं तर विसरूनच जातात. मालक अनिवासी झाला की औषधवाल्याला पहिल्या रुपयापासून ३० टक्क्यांच्या वर टीडीएस कापावा लागतो आणि त्यासाठी टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक) काढावा लागतो. किती दुकानदार ते करतील? माझ्या भाडेकरूने ऐकताक्षणी घर सोडतो म्हणून सांगितलं होतं.

फडताळ:
बापरे. दादाला लिंक पाठवते. तो म्हणतोय बक्षीस स्वीकारायला यायला सुट्टी नाही, मुखत्यारपत्र पाठवतो.

चौथा साक्षीदार:
चालतं. पण परदेशात केलेलं मुखत्यारपत्र राज्यात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथला मुद्रांक भरून घ्या. आणि मुखत्यार बाबाच नकोत. देणारा आणि घेणाऱ्यातर्फे स्वीकारणारा एकच माणूस, असा दस्त आणू नका हो माझ्या टेबलावर.

म्हापशेकार:
गोंयचो एक शब्द. आमच्याकडे हा सगळा मामलाच वेगळा. पोर्तुगीज काळापासूनच्या दिवाणी कायद्यात लग्न झालं की सहसा नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते. त्यामुळे बापाने एकट्याने सही करून घर बक्षीस दिलं असं होत नाही, बायकोची सही हवीच. आणि निम्मी मालमत्ता मुलांसाठी राखीव असते, तिला हात लावता येत नाही. एका मुलाला जास्त दिलं तर बाप गेल्यावर इन्व्हेंटरीच्या (वारसांत वाटणी करायच्या कोर्टातल्या कारवाईच्या) वेळी ते बक्षीस हिशोबात परत मोजतात. पुण्या-मुंबईचे लोक इथे सेकंड होम घेतात आणि गोंयकार विक्रेत्याकडे आलेलं जुनं बक्षीसपत्र बघून निर्धास्त होतात. त्यावर दोघांच्या सह्या आहेत का ते बघा आधी.

ओसरी:
तुम्ही सगळे टक्केवारीत रमलात म्हणून लिहिते.

माझी मावशी. नवरा गेल्यावर ठाण्याचा फ्लॅट तिने एकुलत्या एका मुलाला बक्षीस दिला. दस्तात 'प्रेमापोटी व विनाअट' असं छापील वाक्य होतं, वाचलं कोणी नाही. दोन वर्षांत मुलाने फ्लॅट विकला, मोठा घेतला, आणि त्या मोठ्या घरात मावशीची खोली 'थोड्या दिवसांसाठी' स्टोअर झाली. ती आता माझ्या आईकडे असते. कोणी मारलं नाही, कोणी हाकललं नाही. नुसती जागा नाही.

दोनशे रुपये लागले होते तिला.

शेवग्याची शेंग:
ओसरीताई, यावर २००७चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे ना? बक्षीसपत्र रद्द करता येतं म्हणतात.

चौथा साक्षीदार:
येतं, पण मेख आहे. त्या कायद्याच्या कलम २३ मध्ये असं आहे की सांभाळाच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ नाकारला, तर ते हस्तांतरण फसवणुकीने झालं असं मानून न्यायाधिकरण रद्द करू शकतं. आपल्याकडे ते काम प्रांतसाहेबांकडे असतं. मेख 'अटीवर' या शब्दात. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये म्हटलं की अशी अट होती हे दाखवावं लागेल, नुसतं वय पुरे नाही. २ जानेवारी २०२५ च्या निकालात मध्य प्रदेशातल्या एका आईला न्याय मिळाला, तिथे न्यायालयाने कायदा उदारपणे वाचा म्हटलं. पण तिच्याकडेही मुलाने लिहून दिलेलं वचनपत्र होतं.

एरवी झालेलं बक्षीस मनात आलं म्हणून परत घेता येत नाही. मृत्युपत्र रोज सकाळी बदला, कोणी अडवत नाही. बक्षीसपत्र एकदाच.

म्हणून मी म्हाताऱ्या माणसांना दोन परिच्छेद घालायला लावतो. एक, देणार आणि त्यांची पत्नी यांना हयातभर त्या घरात राहण्याचा हक्क राहील, आणि तो असेपर्यंत घेणाऱ्याने विकायचं किंवा गहाण टाकायचं नाही. 'मग ते बक्षीसच नाही' असं काही वकील म्हणतात, पण देणाऱ्याने ताबा आणि हयातीचा उपभोग स्वतःकडे ठेवला तरी बक्षीस वैध असतं हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ सालीच सांगितलंय. दुसरा, सांभाळाची अट स्पष्ट शब्दांत, औषधपाण्यासकट. मुलांना वाईट वाटतं, तोंडं पाडून बसतात समोर. वाटू दे.

ओसरी:
'आणि त्यांची पत्नी' हे शब्द फार बरे वाटले. फडताळ, तुझ्या आईचं नाव त्या परिच्छेदात हवंच. फ्लॅट बाबांच्या एकट्याच्या नावावर आहे. आज बाबा हयात आहेत म्हणून ती त्या घरात आहे. उद्या घर तुझं झालं की ती लेकीच्या घरात राहणारी आई. विषय निघाल्यावर ती चहा का ठेवते, विचारलंस का?

निवृत्त तलाठी:
जमिनीचं राहिलं. वडिलांना आजोबांकडून आली म्हणता, पण आजोबांना कुठून आली? त्यांची स्वतःची खरेदी आणि त्यांनी मृत्युपत्राने दिली असेल तर गोष्ट वेगळी. पणजोबांपासून चालत आलेली असेल तर ती एकत्र कुटुंबाची, आणि तिच्यात मुलामुलीचा जन्मापासून हक्क. मुलीचा हक्क २००५च्या दुरुस्तीचा, वडील तेव्हा हयात असोत-नसोत, हे २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने पक्कं केलं. अशी जमीन 'प्रेमापोटी' एकाला बक्षीस देता येत नाही. धर्मकार्याला थोडीफार देता येते, पण प्रेम हे धर्मकार्य नाही, असं २०२२च्या निकालात आहे.

वडिलांनी ती काय द्यायची, ती आधीच थोडी तुमचीही आहे! जुने फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) काढा, सातबारा एकटा पुरत नाही. वाटायची असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप होतं. पण तीन एकरांचे तुकडे किती बारीक होतात ते तुकडेबंदीच्या (ठरावीक क्षेत्राखाली शेताचे तुकडे पाडायला बंदी) प्रमाणात तपासा. आणि शेतकरी नसलेल्याला जमीन बक्षीस देण्यावर कूळकायद्याच्या कलम ६३ चा प्रतिबंध आहे, म्हणून मित्राला, शेजाऱ्याला देण्याचे विचार कोणी करू नयेत.

पाणीपुरवठा समिती:
सोसायटीचा सचिव म्हणून भर. बक्षीसपत्र नोंदलं की इंडेक्स-२ ची (नोंदलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याची) प्रत, सभासदत्वाचा अर्ज आणि मूळ भाग प्रमाणपत्र घेऊन या. कुटुंबातल्या हस्तांतरणाला प्रीमियम घेता येत नाही. आमच्या आधीच्या कमिटीने एका मुलीकडून २५ हजार घेतले होते, ते निमूट परत करावे लागले. आणि नॉमिनेशन म्हणजे मालकी नव्हे. हे मी दर वार्षिक सभेत सांगतो, दर वर्षी कोणीतरी उठून तेच विचारतं.

फडताळ:
दीड महिन्याने येते आहे, माफ करा.

ओसरीताई, आईला विचारलं. ती म्हणाली, 'मला काही नको, फक्त गॅसचं बुक माझ्या नावावर राहू दे.' नंतर रात्री म्हणाली, 'आणि देवघराची खोली.' बाबा तिथेच बसले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, काही बोलले नाहीत.

तर झालं असं. फ्लॅटचं बक्षीसपत्र माझ्या एकटीच्या नावे, चौथा साक्षीदार यांनी सुचवलेल्या दोन्ही परिच्छेदांसह, आणि आईचं नाव दोन्हींत. वकिलांनी सांभाळाची अट वाचून दाखवली तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. तुम्ही म्हणाला होतात तसं तोंड पडलं माझं. सही केली. अधिभारासकट चलनाचा आकडा ऐकून बाबांनी फिरण्याच्या ग्रुपमधल्या त्या गृहस्थांना फोन केला, काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

गाळा मृत्युपत्रात दादाला. दादानेच सांगितलं, फॉर्म ३५२० आणि औषधवाल्याचा टॅन ऐकल्यावर. जमिनीचे फेरफार काढायला टाकलेत. १९३० च्या आसपासची मोडी नोंद निघाली आहे, ती वाचून देणारं कोणी आहे का इथे?

मुद्रितशोधक:
मोडी मी वाचतो. फोटो व्यक्तिगत निरोपातून पाठवा, इथे नको, नावं असतात त्यात.

रिकामटेकडा:
शेंगा संपल्या. त्या देवघराच्या खोलीचं दस्तात काय लिहिलं शेवटी?

फडताळ:
'पूर्वेकडील लहान खोली.' दुय्यम निबंधकाकडच्या मॅडमनी विचारलं, एवढं वेगळं कशाला? बाबा म्हणाले, राहू दे, लिहा.

शेवग्याची शेंग:
माझ्या मामांचा नाशिकचा प्लॉट आहे, ते मला द्यायचं म्हणतात आणि मी दुबईला आहे...

एडिसनकर:
वर तिसऱ्या नातेवाइकाचं वाचलंत का? नवा धागा काढा, येतो.